पाठ झालेला ग्रंथ पुन्हा का वाचावा?

गेल्या श्रावणातील गोष्ट. सायंकाळची आरती आटोपली होती आणि मंडळी ओसरीवर टेकली होती. कोपऱ्यात एक वयोवृद्ध सभासद नित्याप्रमाणे शिवलीलामृताची पोथी उघडून वाचीत बसले होते. त्यांच्याकडे पाहून एका शाळकरी मुलाने आम्हांस विचारले, "दादा, आजोबांना हे सगळे पाठ आहे ना? मग पुन्हा पुन्हा काय वाचतात?" प्रश्न बालबुद्धीचा खरा, परंतु त्याचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. "पुण्य लागते," एवढे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर आमचे आम्हांसच पटले नाही. पुढे त्याच श्रावणात त्या प्रश्नाने आम्हांस गाठले. ती हकीगत क्रमाने येईलच.

त्या मुलाची बाजू अगदीच लंगडी नाही. आयुष्य थोडे आणि ग्रंथ उदंड. आपल्या बडोद्यात तर ग्रंथांना तोटा कधीच नव्हता. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल मुद्दाम बोलावून आणले आणि संस्थानात गावोगावी ग्रंथालये उभारली. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पेट्यांतून पुस्तके धाडली. अशा नगरात राहून जुन्याच पानावर पुन्हा बोट ठेवणे हा आळस नव्हे काय? जेवणाऱ्याने वाढलेले नवे पदार्थ सोडून एकाच भाकरीला का चिकटून राहावे?

आमच्या स्वतःच्या वाचनाचा हिशेब मांडून पाहिला, तेव्हा या शंकेचे निरसन होऊ लागले.

आमची शाळा गुजराती. मराठी अक्षरे मातोश्रींनी घरी गिरवून घेतली आणि पहिले पुस्तक हाती दिले ते साने गुरुजींची 'श्यामची आई'. शाळेतील अक्षरांना शिरोरेषा नसे, या पुस्तकातील अक्षरांना असे. त्यामुळे प्रत्येक शब्द आम्हांस डोक्यावर पदर घेतल्यासारखा वाटे. त्यातील 'मुकी फुले' हे प्रकरण तर जणू आमच्यावरच बेतले होते. इतर मुलांच्या आधी आपणांस फुले मिळावीत म्हणून श्याम कळ्याच खुडून आणतो आणि आई त्याला समज देते. पूजेची फुले आणणे हे आमचेही रोजचे काम. शेजारच्या कुंपणावरील जास्वंदीच्या कळ्या आम्हीही पहाटेच ओरबाडीत असू. ते प्रकरण वाचून आम्ही रडलो आणि कळ्या तोडणे सोडून दिले. मात्र आठच दिवस! नवव्या दिवशी परडी रिकामी राहू लागली आणि पुस्तक फळीवर गेले.

शालान्त परीक्षा झाल्यावर तेच पुस्तक पुन्हा हाती आले. मधल्या काळात आम्हांस एक गोष्ट कळली होती. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी टिपून घेतली. आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. ते छापून आले १९३५ साली. आई निवर्तून बरीच वर्षे लोटल्यावर तिचा एक मुलगा तुरुंगात बसून तिला आठवीत आहे, हे ध्यानी येताच पुस्तक निराळेच दिसू लागले. लहानपणी आम्हांस त्यात केवळ आई आणि मुलगा दिसले होते. आता श्यामचे वडील दिसले. कर्जाने वाकलेला, घरावर जप्ती आलेला, चारचौघांत मान खाली घालावी लागलेला तो गृहस्थ पूर्वी आमच्या ध्यानातही राहिला नव्हता. त्या रात्री आमचे तीर्थरूप समईच्या उजेडात महिन्याची दक्षिणा मोजीत बसले होते. दोनदा मोजूनही ती वाढेना. लहानपणापासून हे दृश्य आम्ही शेकडो वेळा पाहिले असेल; पण त्याकडे खऱ्या अर्थाने पाहिले ते त्या रात्री. पुस्तकातील एक अक्षरही बदलले नव्हते.

दासबोधाचा अनुभव याहून तिखट. वीस दशक आणि दोनशे समासांचा तो ग्रंथ सबंध वाचण्याची छाती लहानपणी कोठून असणार? आम्हां मुलांचे लाडके प्रकरण म्हणजे दुसऱ्या दशकाच्या आरंभीची मूर्खलक्षणे. एकाने लक्षण वाचावे आणि बाकीच्यांनी ते आळीतील कोणास लागू पडते ते ओळखावे, हा आमचा सुटीतील खेळ. त्यात आमचे स्वतःचे नाव कधी आले नाही. पुढे विशीत पाऊल टाकल्यावर त्याच दशकाचा शेवटचा, पढतमूर्खाचा समास वाचला. जाणतो पण आचरीत नाही, लोकांस सांगतो पण स्वतः पाळीत नाही, अशा माणसाचे ते वर्णन. या वेळी आळीतील कोणाचेही नाव सुचेना. आम्ही ग्रंथ हळूच मिटला.

येथे एक कबुली दिली पाहिजे. बाळपणीचे प्रत्येक आवडते पुस्तक असे फळ देतेच असे नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आम्ही परवाच पुन्हा एका बैठकीत वाचला. तेव्हाही मौज वाटली होती, आताही वाटली. नवे काही हाती लागले नाही, आणि लागावयास हवे होते असेही नाही. जुन्या मित्राबरोबर चिंचा-आवळे खावेत, तशी ती भेट. असे वाचन वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या ग्रंथात आपले आपणांस सापडतो, त्यांची पंगत निराळी.

आता त्या श्रावणातील हकीगत. श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये रचलेले शिवलीलामृत आम्हां पुरोहितांच्या घरी तोंडपाठ असते. त्यातही अकरावा अध्याय झोपेतही म्हणता यावा इतका. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी एका आजीबाईंच्या घरी तो वाचण्याचा शब्द आम्ही देऊन बसलो होतो. आजीबाई एकट्या, दक्षिणा बेताचीच. आदल्या दिवशी एका थोरल्या बंगल्यावरून त्याच वेळेचे बोलावणे आले. आजीबाईंना आम्ही निरोप धाडला की प्रकृती बरी नाही, आणि बंगल्यावर जाऊन पाटावर बसलो.

वाचन सुरळीत चालले होते. मुख आपले काम करीत होते आणि मन घरी नेण्याच्या शिध्याचा अंदाज बांधीत होते. होता होता महानंदेची कथा आली. ती एक वेश्या. सौदागराच्या वेषाने शंकर तिच्याकडे येतात. रत्नकंकणाच्या मोबदल्यात ती तीन दिवस त्यांची धर्मपत्नी होण्याचा शब्द देते. ते आपले दिव्य लिंग तिच्या स्वाधीन करतात. रात्री नृत्यशाळेला आग लागून लिंग दग्ध होते आणि सौदागर शोकाने अग्नीत उडी घेतो. तीन दिवस अजून पुरे झालेले नसतात; तेव्हा आपण त्याची पत्नी आहोत, असे म्हणून महानंदाही अग्निप्रवेशास सिद्ध होते, आणि शंकर प्रकट होऊन तिला वरच्या वर झेलतात.

हजार वेळा उच्चारलेली ही कथा. त्या दिवशी ती म्हणताना आमची जीभ अडखळली. यजमानांना वाटले, घसा कोरडा पडला. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. जिला जग शब्दाची माणसे मानीतच नाही, तिने तीन दिवसांचा शब्द प्राणापलीकडे जपला. आम्ही, देवळाच्या गाभाऱ्यात वाढलेले, तीन तासांचा शब्द एका शिध्यासाठी मोडून येथे तिचीच कथा गात होतो. अग्निप्रवेशाचे अनुकरण कोणी करावे असे यात काहीच नाही. घ्यावयाचा तो तिचा सच्चेपणा. आणि तोच इतकी वर्षे आमच्या कानांवरून वाहून गेला होता.

वाचन आटोपताच आम्ही आजीबाईंकडे गेलो. पोथी पाटावर उघडी होती, चश्मा तिच्यावर ठेवलेला होता. निरोप मिळाल्यावर त्यांनी एकेक अक्षर लावीत दुपारपासून अध्याय स्वतःच वाचून काढला होता. आम्ही खरे ते सांगितले. त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाळ, प्रसाद घे. उपाशी असशील." बंगल्यावर आम्ही पोटभर फराळ केलेला होता, हे सांगण्याचे धैर्य मात्र आम्हांस झाले नाही. शिरा हातात घेतला. तो गिळता गिळेना.

आपल्याकडे म्हण आहे : पुराणातली वांगी पुराणात. ती पुराणिकाच्या घरातूनच निघाली, हे ऐकून आम्हांस लहानपणी राग येई. आता येत नाही. पाठांतराची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. त्यानेच हे ग्रंथ पिढ्यान् पिढ्या टिकले आणि परमुलखात आपली भाषा आपल्या घरांत राहिली. परंतु जे पाठ झाले ते वाचून झाले, हा समज घातक आहे. शास्त्रकारांनी श्रवणाशी न थांबता पुढे मनन आणि निदिध्यासन सांगितले, ते उगाच नव्हे. ग्रंथ तोच राहतो. वाचणाऱ्याच्या हातून मध्यंतरी काय काय घडलेले असते, त्यावर त्यातील कोणती ओळ त्याच्याशी बोलेल हे ठरते. आज आम्ही विशीत आहोत. महानंदेने आम्हांस आज जे सांगितले त्याहून वेगळे ती ओसरीवरच्या त्या आजोबांना सांगत असेल, आणि कदाचित म्हणूनच ते रोज पोथी उघडीत असतील.

तेव्हा त्या मुलाला आमचे उत्तर असे : बाळा, आजोबांना पोथी पाठ आहे हे खरे, पण आजचा दिवस त्यांना पाठ नाही. म्हणून ते वाचतात.

श्रावणमास दरवर्षी येतो. येत्या श्रावणात प्रत्येक सभासद-कुटुंबाने आपल्या फळीवरील एकच जुने पुस्तक खाली काढावे, अशी आमची नम्र सूचना आहे. मग ते श्रीधरांचे असो वा साने गुरुजींचे. घाईने अध्याय संपवू नयेत. वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी एकत्र बसावे, आणि जेथे वाचणाऱ्याची जीभ अडखळेल तेथे त्या दिवसापुरते थांबावे. आमचे म्हणाल, तर आजीबाईंना यंदा आम्ही चारही सोमवारांचा शब्द दिला आहे. तो पाळण्याची बुद्धी श्रीशंकराने द्यावी, एवढीच प्रार्थना.