यादीतले शेवटचे नाव

दिवाळीच्या अंकात दिवाळ्याविषयी लिहू नये, असे आमच्या घरातून मत पडले. मत योग्यच आहे. पण संपादकांनी विषयाचे बंधन घातलेले नाही, आणि गेली काही वर्षे माझ्या डोक्यात दुसरा विषय टिकतच नाही. तेव्हा वाचकांनी सणासुदीला एवढे सोसावे.

माझ्या धाकट्या भावाचे वडगावात चार यंत्रमाग आहेत. साड्या निघतात. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली आणि मागांचा खडखडाट थांबला. त्या गल्लीत इतकी शांतता मी लहानपणापासून कधी ऐकली नव्हती. पुढे माग सुरू झाले, पण माल उचलायला कोणी नव्हते. एकाचे घ्यायचे आणि दुसऱ्याचे भागवायचे, असे त्याचे दीड वर्ष चालले. मला त्यातले एकच कर्ज ठाऊक होते. कारण त्याला मी जामीन होतो.

२०२१ च्या दिवाळीनंतर त्या सोसायटीचा वसुली अधिकारी शाळेत आला. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर, उशिरा आलेल्या मुलांना आम्ही जिथे बसवतो तिथे, तो बसला. शिपायाने त्याला चहा दिला. आत आल्यावर तो अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती." कराराचा १८७२ चा कायदा जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरतो, हे मला माहीत नव्हते असे नाही. पण माहीत असणे निराळे आणि शिपायासमोर ते ऐकणे निराळे.

त्या रात्री माझा पहिला विचार असा होता की, काहीही करून या सोसायटीचे आधी मिटवावे. दुसऱ्या दिवशी मी स्वतःलाच विचारले, याच सोसायटीचे का? तिचे पैसे सर्वांत जुने नव्हते आणि तिची गरजही सर्वांत मोठी नव्हती. ती माझ्या शाळेच्या दारात आली होती, एवढेच कारण. म्हणजे मी देणे फेडायला निघालो नव्हतो, स्वतःची अब्रू विकत घ्यायला निघालो होतो. आणि तीही भावाच्या पैशाने.

या लेखाचा प्रश्न इथून सुरू होतो. ज्याला सगळ्यांचे सगळे देणे शक्य नाही, त्याने आधी कोणाचे द्यावे?

माझा एक जुना विद्यार्थी आता वकील आहे. तो म्हणाला, "सर, आधी यादी करा. पैसे नंतर." भावाला यादी सांगायला तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी चार नावे निघाली, दुसऱ्या दिवशी सहा झाली आणि तिसऱ्या दिवशी आठ. माणूस आपली कर्जे उपकारांच्या उलट क्रमाने आठवतो, असे माझे तेव्हापासून मत झाले आहे. बँक त्याने पहिल्या मिनिटात सांगितली. आमच्या थोरल्या अक्काचे नाव तिसऱ्या दिवशी, उठता उठता सांगितले. भावजींच्या ग्रॅच्युइटीतले दीड लाख तिने २०१८ साली याला दिले होते. चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

यादी अशी झाली. मागांवरचे बँकेचे कर्ज तीन लाख साठ हजार. मी जामीन असलेल्या सोसायटीचे दोन लाख चाळीस, दुसऱ्या सोसायटीचे एक लाख वीस. सुताच्या व्यापाऱ्याचे एक लाख सत्तर. शेकडा तीन रुपये महिन्याने आणलेले हातउसने एक लाख, ज्याचे निव्वळ व्याजच वर्षाला छत्तीस हजार. अक्काचे दीड लाख. दोन कामगारांची तुंबलेली मजुरी छत्तीस हजार, आणि किराणा दुकानाचे चौदा हजार. एकूण अकरा लाख नव्वद हजार.

मी इतिहास शिकवतो. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते काढून जाळली, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. त्यातून १८७९ चा कायदा आला. न्यायाधीशाला खताच्या कागदामागे जाऊन खरा व्यवहार तपासता येऊ लागला आणि कुणब्याला हप्ते बांधून देता येऊ लागले. मुदत मिळणे ही दया नसून न्यायाचा भाग आहे, ही गोष्ट तेव्हा कायद्याने मान्य केली. पण या साऱ्या इतिहासात दोनच पक्ष आहेत, देणारा आणि घेणारा. आठ घेणेकरी एकाच ओसरीवर बसले तर त्यांचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न माझ्या पाठ्यपुस्तकात कुठे नाही.

तो प्रश्न मला वकिलाच्या पुस्तकात सापडला. नादारीचा जो प्रांतिक कायदा १९२० साली झाला, त्यात असे कलम घातले गेले की, देणे भागवता न येणाऱ्या माणसाने एखाद्याच घेणेकऱ्याला मुद्दाम झुकते माप दिले आणि तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर तो व्यवहार रद्द ठरावा. मी ते दोनदा वाचले. कर्ज फेडणे हाच गुन्ह्यासारखा प्रकार होऊ शकतो! पण विचार केल्यावर पटले. तिजोरीत सगळ्यांना पुरेल इतके नसते तेव्हा एकाला पुरते दिलेले पैसे दुसऱ्याच्या खिशातून गेलेले असतात. नादार व्हायला भाऊ तयार नव्हता. माग तेवढे राहू देत, वेळ मागू, असे त्याचे म्हणणे होते. पण न्यायालयात न जाताही त्या कलमामागचे तत्त्व पाळता येते.

प्रार्थनेनंतर मी मुलांना अनेक वर्षे मार्क ट्वेनची गोष्ट सांगत आलो. १८९४ साली त्याची प्रकाशनसंस्था बुडाली. पुढल्या वर्षी, साठीला टेकलेला हा माणूस जगभर व्याख्याने देत निघाला. १८९६ च्या आरंभी तो आपल्याकडे मुंबईत आला, बडोद्यालाही जाऊन आला. १८९८ पर्यंत त्याने सर्वांची पै न् पै चुकवली. गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. पण तिची एक बाजू मी मुलांना कधी सांगितली नव्हती, कारण तिच्याकडे माझे लक्षच गेले नव्हते. ट्वेनचा व्यवहार सांभाळणारा त्याचा धनाढ्य मित्र हेन्री रॉजर्स याने ट्वेनच्या पत्नीला घेणेकऱ्यांत अग्रक्रम मिळवून दिला होता. तिचाही पैसा त्या धंद्यात गेला होता. आणि पुस्तकांचे हक्क तिच्या नावे झाल्यामुळे ते इतर घेणेकऱ्यांच्या हाती लागले नाहीत. अर्थात, उरलेल्यांनाही पुरते पैसे द्यायचे हा आग्रह त्याच पत्नीने धरला, हेही सांगितले पाहिजे.

तिकडे घरची बाई यादीत पहिली. आमच्याकडे ती शेवटची, किंवा यादीतच नाही. यातले न्याय्य काय? मला दोन्ही खटकते. पहिल्यात परक्याची फसवणूक होण्याची वाट मोकळी राहते. दुसऱ्यात फसवणूक होतेच, पण तिला आपण प्रेम म्हणतो.

अक्काला मी यादी वाचून दाखवली तेव्हा ती उखडली. "मला कशाला मोजायलास त्यात? सख्ख्या भावाला दिलेलं कुठं लिहितात काय?" मी म्हटले, "लिहिले नाही तर यायचे नाही." "नाही आलं तर नाही." आता याला मोठेपणा म्हणावे आणि नमस्कार करून उठावे, हे फार सोपे होते. भावाच्या चेहऱ्यावरही तेच दिसले. पण सोडून देण्याचा अधिकार तिचा होता. तिने सोडले असे धरून चालण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. आणि "नाही आलं तर नाही" म्हणताना ती वर कौलांकडे बघत होती, हेही माझ्या लक्षात आले होते. नाव यादीत राहिले.

डिसेंबरच्या एका रविवारी सगळ्यांना भावाच्या घरी बोलावले. बँकेकडे आम्ही आधीच जाऊन आलो होतो. ती साडेसात हजारांच्या हप्त्याला तयार झाली. बाकीच्यांतले पाच जण आले. यादीच्या नकला काढून प्रत्येकाच्या हातात दिल्या. सुताच्या व्यापाऱ्याने ती वरून खाली वाचली आणि सोसायटीच्या माणसाकडे वळून म्हणाला, "तुमचेही अडकलेत होय!" तो चक्क हसला. आपल्यालाच फसवले, बाकीच्यांचे गुपचूप चालू आहे, हा संशय त्याला पैशापेक्षा जास्त जाळत होता.

भावाने आकडा सांगितला, महिना तीस हजार. मी त्याला थांबवले. हा लाजेतून आलेला आकडा होता. एकदा शब्द मोडलेला माणूस दुसऱ्यांदा शब्द देतो तेव्हा तो मोठा द्यावासा वाटतो. आणि नेमका तोच तिसऱ्या महिन्यात मोडतो. मग घरखर्चाचा कागद काढला. भाडे, औषधे, पुतणीची फी, गॅस, सगळे त्यात होते. व्यापाऱ्याने गणपतीच्या खर्चावर बोट ठेवले. "गणपती असू दे, पण तीन हजार?" त्याचे एक हजार झाले. भावजय आतून ऐकत होती. कर्जदाराने किती जगावे हे घेणेकऱ्याने ठरवावे का, यावर मला अजून निश्चित काही सांगता येत नाही. दिवाणी संहितेच्या साठाव्या कलमाने स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माप्रमाणे बाईच्या अंगावरून उतरत नाहीत ते दागिने जप्तीतून वगळले आहेत. म्हणजे खालची रेघ कायद्याने आखली आहे. गणपती त्या रेघेच्या वर की खाली, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

मजुरी आणि किराणा या दोन रकमांना आम्ही हप्ते बांधले नाहीत. ते दोन कामगार दुसऱ्या कारखान्यात लागले होते आणि मागायलाही येत नव्हते. मजुरीला कायदाही पुढचे स्थान देतो. माझी एक विमा पॉलिसी मोडली आणि पन्नास हजार त्याच आठवड्यात चुकते केले. उरलेल्या पाच जणांचे सात लाख ऐंशी हजार. भाऊ आणि मी मिळून बँकेशिवाय पंधरा हजार सहाशे काढू शकत होतो. सरळ शेकडा दोन. लाखामागे दोन हजार, सगळ्यांना सारखे. अक्काचे तीन हजार. सोसायट्यांनी सवलतीचे व्याज शेवटी घ्यायचे कबूल केले. शेकडा तीनवाला त्या रविवारी आला नव्हता. तो आठ दिवसांनी आला, यादी मागून घेतली आणि बराच वेळ बघत बसला. अवाजवी व्याजाविरुद्ध कर्नाटकात २००४ चा कायदा आहे, हे वकिलाने सांगितले होते. मी त्याचा उच्चार केला नाही. रात्री दहा वाजता त्याच्या दारात भावाला कोणी ढकलले नव्हते. वीस महिने तो व्याज घेऊन बसला होता. पुढे मुद्दल तेवढे घेईन म्हणाला.

२०२२ च्या जानेवारीपासून हप्ते सुरू झाले. प्रत्येकाची एक वही, तारीख, रक्कम, सही. पहिले दीड वर्ष कसे गेले यात सांगण्यासारखे काही नाही. ते नीट गेले.

२०२३ च्या जुलैत भावाला कावीळ झाली. दोन माग थांबले. हातात पंधरा हजार सहाशेऐवजी बारा हजार सहाशे आले. नियम मीच केला होता की, कमी पडले तर सर्वांना सारख्याच प्रमाणात कमी द्यायचे आणि तारखेच्या आधी जाऊन सांगायचे. म्हणजे प्रत्येकाचा साधारण पाचवा हिस्सा कमी, आणि पाच दारांत मान खाली घालणे. तूट बरोबर तीन हजारांची होती. अक्काचा हप्ता बरोबर तीन हजारांचा होता. मी चौघांना पुरते दिले आणि अक्काकडे गेलोच नाही. सोसायटीचा माणूस शाळेत यायला नको, हे दीड वर्षापूर्वीचे कारण माझ्यात जसेच्या तसे जागे होते.

ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा तिने काही विचारले नाही. तीन हजार घेतले आणि सही केली. भाचीकडून मला पुढे कळले की, स्वयंपाकघरावर घालायला ताडपत्री आणायची म्हणून ती जुलैच्या हप्त्याची वाट पाहत होती. महिनाभर तिने चुलीशेजारी पातेली मांडून ठेवली होती.

डिसेंबरात मी राहिलेले तीन हजार घेऊन गेलो. वहीत जूनच्या आणि ऑगस्टच्या नोंदींमध्ये मी एक ओळ मोकळी सोडली होती. तिथे जुलैची तारीख घातली, रक्कम लिहिली आणि वही तिच्यापुढे केली. अक्का चौथीपर्यंत शिकलेली. तिने चष्मा लावला, बोट ठेवून ओळ वाचली आणि पेन खाली ठेवले.

"हे आज दिलास नव्हं?"

"हो."

"मग आजची तारीख घाल. त्या ओळीवर काट मार."

मी काट मारली. पान उलटून डिसेंबरची तारीख घातली, तेव्हा तिने सही केली.