सरलेल्या संकटांची गोडी

सरलेलें संकट आठवतांना गोड कां लागतें, हा प्रश्न जुना आहे. कालिदासानें रघुवंशाच्या चौदाव्या सर्गांत त्याची नोंद करून ठेवली आहे. वनवास संपवून अयोध्येस परतलेलीं राम आणि सीता चित्रांनीं सजविलेल्या महालांत राहत आहेत; दंडकारण्यांत भोगलेलीं दुःखें त्यांना आठवतात, आणि तीं दुःखेंच आतां सुखासारखीं वाटतात. रोमन कवि व्हर्जिल याचा नायकहि वादळांतून वांचलेल्या आपल्या सोबत्यांचें समाधान असेंच कांहींसें बोलून करतो. दोन दूरच्या देशांतील दोन कवींना एकच गोष्ट सुचली, तेव्हां तींत मनुष्यस्वभावाचा कांहीं अंश असला पाहिजे.

मात्र कालिदास तेथेंच थांबत नाहीं, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या ध्यानांत असेल. त्याच सर्गांत गर्भवती सीतेला गंगाकांठचीं तपोवनें पुन्हां पाहण्याची इच्छा होते, आणि तीच इच्छा तिला वनांत सोडून देण्याचें निमित्त ठरते. भवभूतीनें उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत हा चित्रदर्शनाचा प्रसंग अधिक विस्तारला आहे. चित्रें पाहतांना रामाला जें संपलें असें वाटत होतें, तें सीतेच्या बाबतींत संपलेलें नव्हतें. आठवणींची गोडी ज्याचें संकट खरोखर सरलें त्याच्यापुरती असते. परंतु आठवण सांगणारा पुष्कळदां दुसऱ्याच्या संकटावरहि ती गोडी चढवीत असतो. ह्या दुसऱ्या प्रकाराविषयीं येथें थोडें लिहावयाचें आहे.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, तलासरी तालुक्यांत, अच्छाड नांवाचें गांव आहे. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या प्रवाशाला तें माहीत असतें तें महामार्गावरील तपासणी नाक्यामुळें. नाका ओलांडला कीं गुजरात लागतें. १ मे १९६० रोजीं दोन राज्यें वेगळीं झालीं तेव्हां जुन्या ठाणें जिल्ह्यांतील उंबरगांव तालुक्याची फाळणी झाली, आणि तलासरीकडचा भाग महाराष्ट्रांत राहिला. वस्ती मुख्यतः वारल्यांची. आमच्या एका मावसबंधूंची ह्या बाजूस वाडी आहे : थोडीं चिकूचीं झाडें, बराचसा गवताचा माळ आणि पंधरावीस गुरांचा गोठा. नाताळच्या सुटींत तेथें जाण्याचा आमचा परिपाठ फार वर्षांचा आहे. समुद्रकांठच्या मानानें ह्या आंतल्या भागांतली थंडी बोचरी. माळावर पहाटे दंव पडतें आणि शेकोटीपासून उठवत नाहीं. रात्रीं जेवणें झालीं म्हणजे मागल्या हिवाळ्यांतल्या फजितींच्या गोष्टी निघतात, आणि त्यांत गंजीची गोष्ट ठरलेली.

डिसेंबर २०१७ च्या आरंभीं ओखी नांवाचें चक्रीवादळ अरबी समुद्रांतून उत्तरेकडे सरकलें. गुजरातच्या किनाऱ्याजवळ येईपर्यंत तें क्षीण झालें, तरी ह्या पट्ट्यांत ऐन थंडींत पाऊस पडला. वाडीवर कापून, वाळवून रचलेली गवताची गंजी भिजली. भिजलेलें गवत फार तर कुजेल, असें शहरांतल्या मनुष्यास वाटतें. खरा धोका निराळा आहे. ओल्या गंजीच्या पोटांत सूक्ष्म जंतूंच्या वाढीनें ऊब धरते. ती बाहेर पडण्यास वाट नसते. आणि वाढत वाढत ती एखादे वेळीं गंजी आपोआप पेटण्यापर्यंत जाते. वाडीवरचा गडी पन्नाशीपुढचा वारली आहे. पाऊस थांबल्यावर चारपांच दिवसांनीं त्यानें गंजींत लोखंडी पहार खोल खुपसली, कांहीं वेळानें ओढून काढली, तिचें टोंक तळहातांत धरलें आणि लगेच सोडलें. तेवढ्यावरून त्यानें सांगितलें कीं गंजी आजच फोडली पाहिजे. त्या रात्रीं तो, त्याची बायको आणि दोन मुलगे यांनीं ती सारी उपसून माळावर पसरली. मधल्या थराचें गवत काळपट तपकिरी झालें होतें आणि त्याला करपलेल्या गुळासारखा वास येत होता.

ही गोष्ट आमचे मावसबंधू फार रंगवून सांगतात, आणि ती रंगण्यासारखी आहेहि. पंपाची रबरी चकती फाटली तेव्हां सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसविल्याची गोष्ट, पौषांतल्या एका रात्रीं जन्मलेल्या अशक्त वासराला गोणपाटाचें आंगडें शिवून घातल्याची गोष्ट, ह्याहि त्याच माळेंतल्या. (वासराची गोष्ट दरवर्षीं थोडी लांबते, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं.) ऐकणारे पाहुणे म्हणतात, “काय डोकें आहे हो ह्या लोकांचें!” कोणी ‘जुगाड’ हा हल्लीं फार प्रतिष्ठा पावलेला शब्दहि उच्चारतो.

एकदां आम्हीं त्याच गंजीविषयीं गड्याला विचारलें. त्याचें सांगणें दोनतीन वाक्यांत आटोपलें. गंजी जळाली असती तर चारा राहिला नसता, शेठनीं गुरें विकलीं असतीं, आणि मग आपल्याला वापीकडे कारखान्यांत जावें लागलें असतें. त्या रात्रीनंतर बायको आठ दिवस तापानें पडून होती, हें आम्हांला त्याच वेळीं प्रथम कळलें. शेकोटीपाशीं सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत तो ताप कधींच आला नव्हता.

मावसबंधू खोटें सांगतात असें मुळींच नव्हे. ताप त्यांना ठाऊक होता. औषधाचे पैसेहि त्यांनींच दिले होते. परंतु गोष्टीला स्वतःचा असा एक तोल असतो. पहार, तळहात, रात्रीची धांदल, करपलेल्या गुळाचा वास, हें सर्व तींत नीट बसतें. आठ दिवसांचा ताप बसत नाहीं. तो घातला कीं ऐकणाऱ्याचें हंसू ओसरतें आणि गोष्ट भलत्याच दिशेला जाऊं लागते. आमच्या मतें तिनें त्या दिशेला जावें. ज्याच्या कल्पकतेचें आपण कौतुक करतों, त्याला ती कल्पकता केवढ्याला पडली हें न सांगणें, म्हणजे हिशेबाच्या वहींतली जमा वाचून दाखवून खर्चाचें पान चिकटवून टाकणें होय.

गरज ही शोधाची जननी आहे असें आपल्याकडे शाळेंतल्या निबंधापासून म्हटलें जातें. जननी असेलहि, पण ह्या म्हणीचा आधार घेऊन गरजूला गरजूच ठेवण्याचें समर्थन फार सोपें होतें, हें कोणी सांगत नाहीं. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेवी-स्त्रोस यानें १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत हाताशीं असेल त्या वस्तूंतून काम भागविणाऱ्या कारागिराला विचारवंतांच्या पंक्तीला आणून बसविलें. तें योग्यच झालें. पण एखाद्याच्या हाताशीं वस्तू इतक्या थोड्या कां, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

ह्याच तालुक्यांत त्या प्रश्नाचें उत्तर एकदां मोठ्यानें मागितलें गेलें. १९४५ पूर्वीं येथील वारली जमीनदारांकडे वेठीनें राबत. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं नवराबायको दोघेंहि धन्याकडे बांधलीं जात. अशा मनुष्यास ‘लग्नगडी’ म्हणत. मे १९४५ मध्यें तलासरीजवळ झरी येथें किसान सभेच्या वतीनें, शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानें, मोठी सभा भरली आणि वेठ न करण्याचा निश्चय झाला. पावसाळा सरतांच गवतकापणीचा संप सुरू झाला. पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावे, ही मागणी होती. ऑक्टोबरांत तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला. पांच जण मेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या १९७० सालच्या पुस्तकांत त्या लढ्याची हकीकत आली आहे. त्या काळच्या जमीनदारांच्या ओट्यांवरहि हिवाळ्याच्या रात्रीं गमतीच्या गोष्टी होत असतीलच, आणि त्या गोष्टींतले गडी मोठे हुषार असतील, ह्याविषयीं आम्हांला शंका वाटत नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं कल्पकतेचें कौतुकच करूं नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. ज्यांची कल्पकता आपण केवळ अडचणींत पाहतों, त्यांची अडचण नसतांनाची निर्मिति कशी असते हेंहि पाहिलें पाहिजे, एवढेंच म्हणणें आहे. पावसाळ्याच्या शेवटीं भात तयार होऊं लागलें कीं पाड्यापाड्यांतून तारपा ऐकूं येतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचें पान आणि मेण, एवढ्यांतून तें वाद्य होतें. त्यांतली प्रत्येक वस्तु घरची आणि साधी आहे. पण तारप्याच्या पाठीशीं कोणतीहि निकड उभी नाहीं. पहार खुपसणारा हात आणि भोपळ्याला मेण लावणारा हात एकाच मनुष्याचा असूं शकतो. दुसऱ्या कामांत तो हात सावकाश चालतो, आणि मधूनच थांबून केलेलें न्याहाळायला त्याला सवड असते.

लग्नाच्या वेळीं सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, त्याचेंहि असेंच. गेरूनें सारविलेली भिंत, पाण्यांत कालविलेलें तांदळाचें पीठ, टोंक चावून मऊ केलेली काडी. आणि मध्यें पालघट देवी. १९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांनीं ही चित्रें बाहेरच्या जगापुढें आणलीं. डहाणू तालुक्यांतील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं तर लग्नाचें निमित्तहि सोडून दिलें आणि जन्मभर रोज चित्रें काढलीं. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्यें ते वारले. त्यांच्या चित्रांचें कौतुक करतांना कोणालाहि कांहीं लपवावें लागत नाहीं.

अर्थात् निकड आणि निर्मिति यांच्यामधील रेघ इतकी सरळ कोठेंच ओढलेली नसते. कुडाची भिंत घ्या. कारवीच्या काठ्या बांधून त्यावर मातीशेणाचा लेप देतात; स्वस्त पडते म्हणूनच ती बांधतात. पण हीच भिंत चौकाचा फळा होते, आणि जमीन हालली तर विटांच्या भिंतीसारखी एकदम तडकत नाहीं, हालते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसूं लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं झालेल्या ४.१ तीव्रतेच्या धक्क्याच्या वेळीं हळदपाडा येथें घाबरून बाहेर धांवतांना एक लहान मुलगी दगावली. लोक त्या थंडींत उघड्यावर निजूं लागले. पुढें सरकारनें तंबू दिले. आमच्या मावसबंधूंच्या गड्याचें घरहि तसेंच रात्रीं रिकामें असे. त्याच्या घराला तीन भिंती कुडाच्या आणि एक, अलीकडे हौसेनें बांधलेली, विटांची. तडे त्या एकीलाच गेले.

त्या उन्हाळ्यांत त्याच्या थोरल्या मुलाचें लग्न होतें. तारीख पुढें ढकलावी असें मावसबंधूंनीं सुचविलें, तेव्हां गड्याची बायको म्हणाली कीं धक्का कांहीं आपल्याला तारीख विचारून येत नाहीं. तडे मातीनें बुजवून चारी भिंती सारविल्या गेल्या. चौक कुडाच्या भिंतीवर लिहिला. धवलेरीनें गाणीं म्हटलीं. रात्रभर तारपा वाजला आणि पाहुणे अंगणांतच निजले. वाडीवर आलेल्या एका पाहुण्यांनीं दुसऱ्या दिवशीं चौकाचे पुष्कळ फोटो घेतले आणि तिला विचारलें कीं एवढा भूकंप झाला, तो चित्रांत कोठेंच कसा दाखविला नाहीं. तिनें पीठ लागलेले हात पदराला पुसले आणि ती म्हणाली, “तो अजून गेला कुठं आहे?”

सप्टेंबर २०२० मध्येंहि त्या भागांत धक्के बसतच होते.