उरलेल्यांचे ऋण

'हुशारी रक्तातच असावी लागते,' असे आमच्या घरी माझ्या कौतुकाने बोलले जाई. धाकटा भाऊ तिथेच बसलेला असे. शाळा सोडून त्याने शेत सांभाळले, म्हणून मी शिकलो.

त्या वाक्याला उत्तर मला फळमाशीच्या भ्रूणात सापडले. तिथे पाच-सहा पेशींचे घोळके असतात. जनुके सर्वांची सारखीच. कोणतीही पेशी मज्जापेशींची जननी होऊ शकते. मात्र किंचित आघाडी घेतलेली एक पेशी आपल्या 'डेल्टा' प्रथिनाने शेजारणींना थोपवते. त्यांचे 'नॉच' प्रथिन तो निरोप घेते आणि त्या बहुधा त्वचा होतात. पुढे त्या एकीत हंचबॅक, क्रुपेल ही जनुके क्रमाने जागी होतात आणि जन्मक्रमानुसार तिच्यापासून निरनिराळ्या मज्जापेशी घडतात.

मग उरलेल्या पेशी कमी प्रतीच्या होत्या काय? १९८५ साली डो आणि गुडमन यांनी नाकतोड्याच्या भ्रूणातील निवडली गेलेली पेशी लेसरने नष्ट केली, तेव्हा शेजारणीने तिची जागा घेतली. उलट, फळमाशीत नॉच जनुकच नसेल, तर मज्जापेशी बेसुमार वाढतात, त्वचा अपुरी पडते आणि भ्रूण मरतो.

निसर्गात घडते ते न्याय्यच असते, असे मी म्हणत नाही. पेशीला कोणी विचारत नाही. माझ्या भावाला मात्र विचारायला हवे होते. मीही विचारले नाही. रक्ताचे श्रेय आता मी सांगत नाही. ऋण तेवढे उरले आहे.