मांडीवर हात ठेवून

हे एका दमात वाचू नका. खुर्चीत पाठ टेकून बसा, दोन्ही तळपाय जमिनीला लागू द्या. एक हात मांडीवर ठेवा, गुडघ्याच्या थोडा वर. श्वास आहे तसाच चालू द्या.

हाताखाली काय लागतंय?

ल्युकेमिया, लिम्फोमा किंवा मायलोमा हा शब्द फायलीवर आल्यापासून घरात रक्ताचा हिशेब चालतो. हिमोग्लोबिन किती, प्लेटलेट किती, पांढऱ्या पेशी किती. मांडीचा हिशेब त्या रिपोर्टात येत नाही. आजार शरीरात दाह धुमसत ठेवतो, केमोने तोंडाची चव जाते, ताप आला की दिवसचे दिवस कॉटवर जातात. लिम्फोमा आणि मायलोमाच्या बऱ्याच उपचारांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स असतात. ती गरजेचीच आहेत, पण स्नायूंतलं प्रथिन मोडतात, आणि त्याचा फटका मांड्या-खांद्यांना आधी बसतो. चेहरा भरलेला, काट्यावर वजन तेवढंच. भेटायला आलेले म्हणतात, तब्येत सुधारली हो! मांडी मात्र सैल पडलेली असते.

जरा थांबा. हे तुमच्या आळसाने झालेलं नाही. हात तसाच राहू द्या.

आता कालचा दिवस आठवा. पाटावरून उठताना आधी एक हात जमिनीवर गेला का, मग गुडघ्यावर, मग ओट्याची कड धरली का? केस विंचरताना खांदा मध्येच खाली आला? रात्री बाथरूमला जायचं म्हणून झोपलेल्या माणसाला हाक मारावी लागली? आठवताना डोळे भरून आले तर येऊ द्या. आयुष्य किती वाढलं हे डॉक्टर सांगतील. ते कसं जगलं जातंय, ते या उठण्याबसण्यात दिसतं.

हात न वापरता खुर्चीतून सलग पाच वेळा उठायला 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर शारीरिक कार्यक्षमता कमी झाली असं धरायचं, हे स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाने 2019 साली ठरवलं. तुम्ही आज घड्याळ लावू नका. चक्कर नसेल, ताप नसेल, शेजारी कुणी असेल आणि डॉक्टरांनी चालण्याफिरण्याची परवानगी दिली असेल, तर हात टेकवून पुढे झुका, श्वास सोडत एकदाच उठा. उभं राहा. मांडीत ताण येतो तो जाणवू द्या. सावकाश बसा. मायलोमाने हाडं ठिसूळ झाली असतील किंवा व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाने तळव्यांना मुंग्या येत असतील, तर बसूनच फक्त मांडी आवळा आणि सोडा.

आणि ताटाकडे पाहा. आजारी माणसाला पेज आणि नारळपाण्यावर ठेवायची आपली रीत मला इथे मान्य नाही. कर्करोगाच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिन लागतं. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 90 ग्रॅम. घट्ट वरण, नीट शिजवलेलं अंडं, पनीर थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या.

पुढच्या ओपीडीला काउंट विचारून झाले की लगेच उठू नका. ‘मला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही,’ एवढं स्पष्ट सांगा, आणि फिजिओथेरपिस्ट व आहारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा.