पुन्हा न येणारे गिऱ्हाईक

व्यापाराने माणसे जोडली जातात, की केवळ पैसा हात बदलतो? औंढा नागनाथासारख्या ज्योतिर्लिंगक्षेत्री या प्रश्नाची कसोटी लागते. आसपासच्या खेडुतास दुकानदार उधार देतो, सुगीपर्यंत थांबतो, त्याच्या घरच्या लग्नकार्याची विचारपूस करतो. ही आपुलकी खोटी नव्हे. तथापि तो खेडूत पुढच्या बाजारी पुन्हा यावयाचा असतो, म्हणून तीत व्यवहाराचाही अंश असतो. महाशिवरात्रीस आलेला परगावचा यात्रेकरू मात्र बहुधा पुन्हा दिसत नाही. त्यास फसविले तर जाब कोण विचारणार? हंगामात महाबळेश्वरी जाणाऱ्या प्रवाशाचीही हीच अवस्था.

कोणी म्हणेल, यात्रेच्या चार दिवसांवर ज्यास वर्ष काढावयाचे, त्याने दर चढविल्यास दोष काय? चढा दर उघड सांगितला तर आम्ही दोष देणार नाही. दोष आहे तो माणूस पाहून भाव बदलण्यात.

परंपरा सांगते, की येथेच पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबा खेचरांनी, देव नसेल तेथे आपले पाय हलविण्यास नामदेवांस सांगितले. तशी जागा सापडली नाही. मग ती तागडीखाली तरी कशी सापडावी?

याच तालुक्यातील गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. परके लोक आता वाढतच जाणार. ज्याचे नाव उधारीच्या वहीत कधीच चढणार नाही, त्यासही जेथे खरे माप मिळते, त्या पेठेनेच गाव घडते, असे आम्हांस वाटते.