हातचे राखून खेळणारा प्रतिस्पर्धी

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईच्या रेल्वेमार्गावर, सचिन हे गाव आहे. तेथील औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने पुष्कळ मराठी कुटुंबे, विशेषतः खानदेशातील, स्थायिक झाली आहेत. माझी मुलगी व जावई तेथेच असतात. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे मुक्कामाला असताना दहा वर्षांच्या नातवाने मला एक प्रश्न केला. इतकी वर्षे शब्बाथशाळेत शिकवूनही त्याचे उत्तर मला चटकन देता आले नाही.

तो फोनवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होता. एक गाडी त्याची, बाकीच्या संगणकाच्या. एका वळणावर त्याची गाडी कठड्यावर आदळून पुरती थांबली, तरी पुढच्या गाड्या काही फार लांब गेल्या नाहीत. त्याने पुन्हा मुद्दाम आदळून पाहिले. तेच झाले. तेव्हा फोन खाली ठेवून तो म्हणाला, "आजोबा, ह्या माझ्यासाठी हळू होतात. मग मी जिंकलो ते खोटंच ना?"

मुलाचे निरीक्षण बरोबर होते. अशा पुष्कळ खेळांत, खेळणारा मागे पडला की संगणकाच्या गाड्यांचा वेग गुपचूप उतरवला जातो, आणि तो फार पुढे निघून गेला की त्याच गाड्यांना एरवी नसलेला वेग दिला जातो. जणू सगळ्या गाड्या एका रबराने एकमेकींस बांधल्या आहेत. खेळ तयार करणारे लोक ह्या युक्तीला रबर बँड असेच म्हणतात. महिनाभर सराव करून हात बसवलेल्या मुलालाही प्रतिस्पर्धी पाठीशीच दिसतो, आणि ज्याने काहीच सराव केला नाही त्यालाही तो हाताशीच दिसतो.

माझ्या मनात प्रथम आले की ह्यात वाईट ते काय? मत्तयाच्या २० व्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या धन्याने शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांनाही पुरी मजुरी दिलीच की. परंतु थोडा विचार करता हे साम्य टिकेना. धन्याने ती मजुरी सर्वांच्या देखत दिली. दिसली म्हणून तर पहिले मजूर कुरकुरले. शिवाय उशिरा आलेल्यांना 'तुम्ही दिवसभर राबलात' असे त्याने भासवले नाही. आपल्याला मिळाले ते दान आहे हे त्यांना ठाऊक होते.

मागे पडलेल्याला मदत करण्याचे उघड मार्ग खेळांतही आहेत. निन्टेंडो ह्या जपानी कंपनीच्या १९९२ सालच्या 'सुपर मारिओ कार्ट' ह्या खेळात मागच्या गाडीला अधिक जोरदार साधने मिळतात, आणि हे मुलांच्या सहज ध्यानात येते. काही खेळांत रबर बँड बंद करण्याची सोयही दिलेली असते. घोड्यांच्या शर्यतींत (हे उदाहरण मंडळीच्या मासिकात शोभत नाही, वाचकांनी क्षमा करावी) चांगल्या घोड्यावर अधिक वजन लादतात, पण ते वजन आधीच जाहीर झालेले असते.

बलवानाने कधी हात राखूच नये, असेही म्हणता येत नाही. सोनी कंपनीने 'ग्रान टुरिस्मो' ह्या शर्यतीच्या खेळासाठी एक संगणकीय चालक घडवला. तो स्वतःच सराव करून शिकला, आणि जगातील उत्तम खेळाडूंना त्याने हरवले. त्याची हकिकत २०२२ मध्ये 'नेचर' ह्या शास्त्रीय नियतकालिकात आली. असा प्रतिस्पर्धी पूर्ण ताकदीनिशी माझ्या नातवासमोर उभा केला, तर तो दोन दिवसांत खेळ सोडून देईल व काहीच शिकणार नाही.

उत्पत्तीच्या ३२ व्या अध्यायात यब्बोकच्या उतारापाशी याकोबाशी रात्रभर कोणी झोंबी केली, ते आपण वाचतो. झोंबी बरोबरीची चालली होती. मग त्या पुरुषाने केवळ स्पर्श केला आणि याकोबाच्या जांघेचा सांधा निखळला. म्हणजे हे बळ त्याच्यापाशी पहिल्यापासूनच होते; तोही हातचे राखून झुंजत होता. पंडित ह्या प्रसंगाचा अर्थ नाना प्रकारे लावतात, मी साध्या शिक्षकाच्या नजरेने पाहतो. मला दिसते ते हे, की त्याने ते शेवटपर्यंत लपवून ठेवले नाही. याकोबाला आशीर्वाद मिळाला, नवे नाव मिळाले, आणि सूर्य उगवताना लंगडत चालताना आपण कोणाशी झुंजलो हेही त्याला कळले होते. शिवाय पहाट होताच मला सोड असे त्या प्रतिस्पर्ध्यानेच सांगितले. फोनमधला प्रतिस्पर्धी तसे कधीच म्हणत नाही. मुलाने उठू नये, आणखी एक शर्यत खेळावी, ह्यासाठीच त्याचा वेग उतरवलेला असतो.

हे लिहिताना मला माझीच एक गोष्ट बोचते. शब्बाथशाळेच्या बायबल प्रश्नमंजूषेत पाठांतरात कच्च्या असलेल्या एका मुलीसाठी मी सोपे प्रश्न मुद्दाम राखून ठेवले होते. तिला बक्षीस मिळाले, आणि मला आपल्या दयाळूपणाचे समाधान वाटले. पुढे तिच्या आईकडून कळले की तिने ते पुडके घरी कधी सोडलेच नाही.

नातवाला मी हे सारे सांगितले नाही. "खोटं म्हणता येईल," एवढेच म्हणालो. त्याने माझ्याकडे रोखून पाहिले.

"आणि आपल्या कॅरममध्ये? तुम्ही पण मुद्दाम हरता?"

क्षणभर टाळावेसे वाटले. मग म्हणालो, "होय रे. बऱ्याचदा."

तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने बोर्ड मांडला आणि म्हणाला, "आता खरं खेळा." मी खरे खेळलो. तिन्ही डाव तो हरला आणि न जेवता झोपला. मुलगी माझ्यावर रागावली. दुसऱ्या दिवशी मात्र तो स्वतःच अट घेऊन आला. खेळ सुरू होण्यापूर्वी त्याच्या चार सोंगट्या बाजूला काढून ठेवायच्या, आणि मग मी अजिबात हात राखायचा नाही. मी कबूल झालो. मी परत निघालो त्या दिवशी त्याने बोर्डावरून तीनच सोंगट्या काढल्या.