ही इच्छा कोणाची?

न्यू जर्सीतल्या आयसेलिन येथे मेट्रोपार्क स्थानकाभोवतीच्या कचेऱ्यांत काम करणारा आणि ओक ट्री रोडच्या आसपास संसार थाटून राहिलेला आपला मराठी माणूस नोकरीत पंधरा-वीस वर्षे काढून वरच्या पायरीशी येऊन ठेपला, की त्याची कंपनी त्याला नेतृत्वाच्या शिक्षणवर्गाला पाठवते. तेथे त्याच्याकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेतात, हाताखालच्या लोकांचे अभिप्राय मागवतात आणि अखेरीस त्याच्या स्वभावाचा प्रकार छापील कागदावर त्याच्या हाती ठेवतात. या खटाटोपाची हेटाळणी करावी असे मला वाटत नाही. आपले बोलणे इतरांना जाचते एवढे जरी एखाद्याला उमगले, तरी त्याच्या हाताखालच्या माणसांचे दिवस अधिक सुखाचे जातात. पण स्वभावाचे वर्णन हाती पडणे निराळे आणि आत्मशोध निराळा. आपण उतावळे आहोत, हट्टी आहोत हे पुरते ठाऊक असूनही, अधिकाराची जी जागा आपण मागत आहोत ती मागणारी इच्छा मुळात आपली आहे की दुसऱ्या कोणाची, हा प्रश्न मनुष्य जन्मभर टाळू शकतो; आणि नेतृत्वाची खरी कसोटी, माझ्या मते, याच प्रश्नापाशी लागते.

आयसेलिनपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत रोझेल नावाचे गाव लागते. एडिसनने १८८३ च्या जानेवारीत खांबांवरून तारा ओढून हे गाव विजेच्या दिव्यांनी उजळले, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी तेथे थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या घरी येऊन उतरल्या. ओक ट्री रोडवर साड्या आणि मिठाई घ्यायला येणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे शेजारपण ठाऊक असेल, कोण जाणे. आनंदीबाईंची कथा आपण सहसा धैर्याची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेही. पण त्या कथेतला मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटणारा भाग बोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वीचा आहे.

बायकोला शिकवण्याचा ध्यास प्रथम आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचा होता. नवव्या वर्षी लग्न होऊन घरात आलेल्या मुलीच्या हाती त्यांनी पुस्तक दिले, अभ्यासात कुचराई झाली तर मारहाणही केली, पोस्टखात्यातल्या बदल्यांबरोबर तिला गावोगाव नेले, आणि तिला अमेरिकेत शिकता यावे म्हणून मिशनऱ्यांशी पत्रव्यवहारही त्यांनीच केला. दुसऱ्याने आपल्यासाठी इच्छा धरावी, ती आपल्यावर लादावी आणि आपण तिचे ओझे निमूटपणे वाहावे, अशा रीतीने थोर दिसणारी कितीतरी आयुष्ये खर्ची पडतात. आनंदीबाईंचेही तसेच व्हायचे. परंतु चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, वैद्यकीय मदतीवाचून स्त्रियांचे काय हाल होतात ते त्यांनी स्वतःच्या देहावर सोसले, आणि १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात जमलेल्या लोकांसमोर उभे राहून त्यांनी भाषण केले, तेव्हा त्या इच्छेचा मालक बदललेला होता. अमेरिकेला कशासाठी, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकटीनेच का, परतल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय, संकट ओढवले तर काय, आणि आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते मीच का करावे, हे लोकांच्या मनातले आणि तोंडातले प्रश्न त्यांनी स्वतःच पुढे मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. त्यांत पतीची आज्ञा एवढ्याच आधारावर एकही उत्तर उभे नव्हते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा त्यांचा निश्चय एखाद्या वकिलाने पढवलेला जबाब नव्हता. मनाशी पुष्कळ झगडून ज्याने आपला हेतू ओळखला आहे, त्यालाच असे बोलणे साधते.

१८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाच्या जागेवर नेमणूक झाली, आणि तो अंमल हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. अधिकार एक दिवसही न गाजवलेल्या या स्त्रीच्या मागून किती मुली चालत गेल्या, हे आपण जाणतोच.

यावर कोणी म्हणेल की आत्मशोधाने माणूस महत्त्वाकांक्षा टाकून बैरागी होतो आणि कारभाराला निकामी ठरतो. गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तातील सोजिरांच्या अत्याचारांविषयी त्यांनी इंग्लंडात केलेले निवेदन पुराव्याने शाबीत करता येईना, तेव्हा माहिती कळवणाऱ्यांची नावे न फोडता त्यांनी सारा दोष आपल्या माथी घेऊन बिनशर्त माफी मागितली, आणि त्यापायी स्वकीयांकडूनच भेकड म्हणवून घेतले. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत, गुरू दत्तात्रेयांच्या कृपेचा उल्लेख करून, त्यांनी आपल्या रोजनिशीत संकल्पांची यादी लिहिली. तिच्यात योगाभ्यास आहे, इतिहासाचा व्यासंग आहे, आणि त्यांच्याच पंक्तीला मुंबई व वरिष्ठ कायदे कौन्सिलांचेच नव्हे, तर ब्रिटिश पार्लमेंटचेही सभासदत्व आहे! नाचक्कीने पोळलेल्या माणसाने आपली आकांक्षा देवापुढे उघडी करून ठेवावी, तिच्यावर सोवळ्याचे वस्त्र घालू नये, यातला प्रामाणिकपणा मला विलक्षण वाटतो. लपवलेली आकांक्षा निर्णयाच्या वेळी मागच्या दाराने येऊन हुकूम चालवते. उघडी केलेली आकांक्षा कामाला जुंपता येते. १९०५ साली भारत सेवक समाज काढून त्यांनी सभासदांना ज्या प्रतिज्ञा घ्यायला लावल्या, त्यांचा दाखला संस्थापकाने आधी आपल्याच मनाशी पडताळून घेतला होता.

आता आपल्या येथल्या मराठी मंडळांकडे येतो. कचेरीत पगार आणि हुद्दा यांच्या बळावर हुकूम चालतो. मंडळात यांपैकी काहीच नसते, म्हणून तेथे नेतृत्वाची पारख लवकर होते. गणेशोत्सवासाठी शाळेचे सभागृह भाड्याने घेतलेले असते, आरती, नाटुकले, पंगत सारे आटोपते, आणि रात्री अकराच्या सुमारास, करारात जागा साफ करून देण्याची अट असल्यामुळे, तीन-चार माणसे खुर्च्या घडी घालून भिंतीशी लावत आणि सांडलेले वरण पुसत मागे राहिलेली दिसतात. त्यांतला एखादा पुढच्या साली अध्यक्ष होतो, आणि मुदत संपल्यावर त्याच्याने दप्तर सोडवत नाही. नव्या समितीच्या प्रत्येक मसलतीत त्याची हरकत, हिशेबाच्या प्रत्येक रकमेवर त्याचे बोट. खुर्च्या उचलताना तो ढोंग करीत नव्हता असे मी मानतो. गावी सोडून आलेली प्रतिष्ठा, कचेरीत न लाभलेला मान, वडिलांचा एखादा राहून गेलेला मनोरथ, यांपैकी कशाची भूक तो येथे भागवीत आहे, हे त्याने स्वतःला कधी विचारलेच नाही, एवढेच. येथे जन्मलेली मुले अशा बैठकींपासून दूर राहतात, तेव्हा त्यांना मराठीची आस्था नाही असा ठपका आपण फार घाईने ठेवतो.

माझी तजवीज अशी आहे की निवडणुकीच्या अर्जाबरोबर प्रत्येक उमेदवाराने श्रीरामपूरच्या त्या सभेतल्यासारखे चार प्रश्न घेऊन त्यांची उत्तरे स्वतःच्या हाताने लिहून द्यावीत: हे काम मला का हवे, ते दुसऱ्या कोणाला अधिक चांगले जमेल काय, लोकांनी विरोध केला तर मी काय करीन, आणि मुदत संपल्यावर मी कोठे बसेन. ते कागद दप्तरात राहावेत आणि मुदतीच्या अखेरीस ज्याचे त्याने वार्षिक सभेत वाचून दाखवावेत. आधीच दुर्मीळ असलेले स्वयंसेवक याने आणखी कमी होतील, अशी हरकत मला ऐकू येते, आणि पहिल्या एक-दोन वर्षी तसे घडेलही. पण जी मुले आज आईबापांना सभागृहाच्या दाराशी सोडून परस्पर निघून जातात, त्यांतली काही त्या वाचनासाठी आत येऊन बसतील, असा माझा भरवसा आहे.